लाल दिवा डावीकडे वळणाऱ्यालाही असतो

चौकात सिग्नल लाल आहे. सरळ जायचं नाही, उजवीकडेही नाही. फक्त डावीकडे वळायचंय. मग थांबायचं कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे कुणी बेशिस्त म्हणत नाही. व्यवहारी तोच ठरतो. स्टॉप लाइनमागे गाडी उभी करणारा मात्र बावळट. त्याच्या मागचा रिक्षावाला, रिक्षामागचा डिलिव्हरीवाला आणि शेवटी शाळेची व्हॅन, सगळे मिळून हॉर्न वाजवून त्याला त्याची जागा दाखवून देतात. ‘लेफ्ट फ्री आहे ना!’ एवढं एक वाक्य पुरतं.

नुसती सवय असती तर तिच्याशी वाद घालण्याचं कारण नव्हतं. पण आता तिचा सिद्धान्त झाला आहे. पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोंडीवर कुठेही चर्चा निघाली की ही सूचना हमखास येते: सगळ्या चौकांत डावं वळण मोकळं करा, आड येणारा फूटपाथ कापा, खांब हलवा, बसथांबा मागे सरकवा. सूचना करणारे बहुतेक समंजस, स्वतः हेल्मेट घालणारे, कर भरणारे लोक असतात. खर्च थोडा, फायदा लगेच दिसतो, म्हणून नगरसेवकालाही ती आवडते. या शहाण्या माणसांशीच माझं भांडण आहे. सिग्नल तोडणाऱ्या टवाळाला आपण चुकतोय हे निदान माहीत असतं.

त्यांच्या मागणीचा सगळा डोलारा एका समजुतीवर उभा आहे: डावीकडे वळणारा कुणाच्याच वाटेत येत नाही. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, डावं वळण कडेकडेने पुरं होतं, समोरून येणाऱ्या प्रवाहाला ते छेदत नाही. मग सिग्नलशी त्याचा संबंध काय? कागदावर चौक काढून पाहिला तर हे पटतंही, जोवर कागदावर फक्त गाड्या आहेत. आता त्याच कागदावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे काढा.

समजा, तुम्ही दक्षिणेकडून चौकात आलात आणि तुम्हाला पश्चिमेला वळायचंय. तुमचा दिवा लाल आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम वाहतूक चालू आहे. या वेळात पायी माणसाने कुठला रस्ता ओलांडायचा? तुमचाच. तुम्ही थांबलात म्हणून तर त्याला वाट मिळाली. तुमच्या पुढ्यातल्या झेब्र्यावरून चालण्याची त्याची वेळ म्हणजेच तुमचा लाल दिवा. नेमक्या त्याच वेळी तुम्ही ते ‘मोकळं’ वळण घेता. बरं, हिरवा लागल्यावर वळलात तर? तेव्हा पूर्व-पश्चिम वाहतूक थांबलेली असते आणि पश्चिमेच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेला झेब्रा ओलांडायची पायी माणसांची पाळी आलेली असते. वळून तुम्ही त्या माणसांत शिरता. म्हणजे डावीकडे वळणारा लालमध्ये गेला तरी आणि हिरव्यात गेला तरी कुणा ना कुणा चालणाऱ्याच्या वेळेतूनच जातो. हिरव्यात वळणं टाळता येत नाही. तिथे वेग कमी करून माणसांना आधी जाऊ द्यायचं, एवढंच करता येतं. पण लालमध्येही वळण चालूच ठेवलं, तर त्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिवसभरात असा एकही क्षण मिळत नाही की जेव्हा अंगावर गाडी येणार नाही. कुणाच्याच वाटेत न येणारं वळण ते हेच!

सिग्नलच्या वेळा बसवताना माणसाचा चालण्याचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरतात. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला 12 सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग 0.8 वर येतो. त्यांना साडेसतरा सेकंद लागतात. या साडेसतरा सेकंदांत डाव्या लेनमधून दुचाक्यांची एक अखंड माळ निघून जाते. आजी पहिलं पाऊल टाकतात, मागे घेतात, पुन्हा टाकतात. तेवढ्यात दिवा बदलतो.

त्यात वळणाऱ्याची मान कुठे असते ते बघा. लाल दिव्यात डावीकडे वळणाऱ्याला भीती असते ती उजवीकडून, हिरव्या दिव्यावर भरधाव येणाऱ्या गाड्यांची. म्हणून तो उजवीकडे बघतो, फट दिसली की अॅक्सिलरेटर पिळतो आणि गाडी पुढे गेल्यावर मग समोर पाहतो. डाव्या फूटपाथवरून उतरलेला माणूस तोवर बंपरपुढे आलेला असतो. वळणारा वाईट माणूस आहे म्हणून हे घडत नाही. माणसाला एका वेळी एकाच दिशेला बघता येतं आणि हे वळण त्याला चुकीच्या दिशेला बघायला लावतं.

आता कायदा. ‘लेफ्ट फ्री असतंच, कायद्यातच आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. 1989 पासून चालत आलेले रस्त्याचे नियम बाजूला सारून 2017 मध्ये केंद्राने मोटार वाहन चालनाचे नवे विनियम आणले. चौकाजवळ येताना वेग कमी करायचा, कुणाला धोका होणार नाही याची खात्री होईतो चौकात शिरायचं नाही, हे जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे. लाल दिव्याचा मूळ अर्थ स्टॉप लाइनमागे थांबणं. डावीकडच्या हिरव्या बाणाने किंवा तसा फलक लावून त्या चौकापुरती सवलत देता येते. काही शहरांच्या वाहतूक पोलिसांच्या सूचनांमध्ये याहून सैल भाषा आढळते: मनाईचा फलक नसेल तर लाल असतानाही डावीकडे वळा. ही सूचना फ्री लेफ्टवाल्यांचा हुकमाचा पत्ता. पण पत्ता पुरता उलटून बघत नाहीत. त्याच सूचनांमध्ये पादचाऱ्याला आणि इतर वाहतुकीला आधी जाऊ द्या, हेही असतं. म्हणजे नियमाचं सगळ्यात उदार रूप घेतलं तरी आधी चालणाऱ्याची वाट मोकळी करायची आणि मगच आपली चाकं पुढे घ्यायची. आपण सवलत उचलली आणि अट रस्त्यात टाकून दिली. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, धोकादायक वाहनचालनात, लाल दिवा तोडणं नावानिशी आलं आहे. बाण नसताना, फलक नसताना, न थांबता, झेब्र्यावरच्या माणसाला हॉर्न मारत वळणाऱ्याला आपण त्यातून आपोआप सुटलो असं का वाटतं, हे त्यानेच सांगावं.

‘परदेशात चालतं’ हे पुढचं पालुपद. अमेरिकेत जाऊन आलेल्या भाच्याचा दाखला मिळतो: तिथे लालमध्ये उजवीकडे वळू देतात, म्हणजे आपल्या डावीकडच्या वळणासारखंच. देतात, खरं आहे. पण का देतात? 1973 च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल वाचवण्यासाठी. 1975 च्या ऊर्जाविषयक कायद्याने केंद्राच्या मदतीला ही अट जोडली, म्हणून राज्यांनी भराभर परवानगी दिली. सुरक्षिततेचा विचार करून कुणी हा नियम आणला नव्हता. पुढे 1982 मध्ये काही राज्यांच्या आकड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा अशा वळणांवर पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना होणारे अपघात चांगलेच वाढल्याचं दिसलं. कारण वर सांगितलं तेच, फक्त आरशातलं: चालक डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत होता आणि उजवीकडून आलेला माणूस त्याला दिसला नाही. न्यूयॉर्क शहराने ही मुभा सरसकट कधीच दिली नाही. फलक असेल तिथेच वळायचं. पायी चालणाऱ्यांनी भरलेल्या शहराला ती परवडत नव्हती. आता सांगा, आपला पुण्यातला लक्ष्मी रस्ता टेक्सासच्या हायवेसारखा आहे की न्यूयॉर्कसारखा?

आपल्यासारखी डावीकडून वाहनं चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये तर लालमध्ये डावीकडे वळताच येत नाही. हिरवा बाण लागला तरच. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये बदल झाला आणि वळणाऱ्या चालकाने रस्ता ओलांडणाऱ्यालाच नव्हे, तर ओलांडायला थांबलेल्यालाही वाट द्यावी असं त्यात आलं. पूर्व जर्मनीने 1978 मध्ये लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची पाटी लावून वळायची सोय केली, एकीकरणानंतर 1994 मध्ये ती सगळ्या जर्मनीत मान्य झाली. पण ती पाटी आहे तिथेही आधी रेषेवर चाकं पूर्ण थांबवावी लागतात. भाचा हे सांगायला विसरला असावा.

वेळ आणि पेट्रोल वाचतं, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. रोज दीड तास कोंडीत काढणाऱ्या माणसाला एका मिनिटाची किंमत असते. पण हिशेब पूर्ण करा. चारचाकीचं इंजिन जागेवर मिनिटभर चालू राहिलं तर साधारण दहा-पंधरा मिलिलिटर पेट्रोल जळतं, दुचाकीचं त्याहून बरंच कमी. आणि इंजिन बंद करायला बटण असतं. वेळेचं म्हणाल, तर वाचलेलं मिनिट पुढच्या चौकात उभं असतं. डावीकडे वळायला वेगळी लेन नसेल तर ते मिनिटही वाचत नाही, कारण सरळ जाणारी पहिली गाडी रस्ता अडवून उभी असते. मग तिला हॉर्न, तिच्या शेजारून फटीतून दुचाकी आणि फट नसेल तर फूटपाथ. सरळ जाणाऱ्याने कायदा पाळला म्हणून त्याला शिव्या खाव्या लागतात, असा हा एकच नियम असेल.

मग वेगळी लेन काढा, कोपरा कापा, असं उत्तर येतं. इथे या मागणीचं खरं मोल कळतं. कोपरा कापला की वळणाची गोलाई मोठी होते, आणि गोलाई मोठी झाली की वळण्याचा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा: सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी 15 किलोमीटरच्या आसपास आरामात वळते, वीस मीटरच्या वळणावर 28 च्या आसपास. म्हणजे फूटपाथ घटला, ओलांडायचं अंतर वाढलं आणि येणारी गाडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला, आणि त्याच्याकडे गाडी नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. कोपरे कापण्याच्या ठरावावर सही करणाऱ्यांनी तो निकाल एकदा चाळावा.

एक गोष्ट मात्र फ्री लेफ्टच्या वादात जवळजवळ कधीच निघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. ती पादचाऱ्यांपुरतीही नाही. ज्यांच्या सोयीसाठी हे वळण मागितलं जातं त्या दुचाकीस्वारांच्याच जिवाची आहे.

बस किंवा डंपर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे सहा मीटर अंतर असतं. पुढच्या आसाचा मध्य बारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय असं धरा, की वळण भरात असताना मागच्या आसाचा मध्य सुमारे 10.4 मीटर त्रिज्येवर येतो. फरक दीड मीटरहून जास्त. आधी रिकामी दिसणारी तेवढी जागा मागची चाकं गिळत येतात. वळण घेण्यासाठी चालक पुढचा भाग आधी थोडा उजवीकडे काढतो, तेव्हा डाव्या बाजूला फूटपाथलगत मस्त रिकामी वाट उघडते. त्यात एक स्कूटर अगदी आरामात मावते. लेफ्ट फ्री आहे, बस हळू आहे, वाट समोर आहे. स्कूटर आत शिरते. मग ती वाट मिटायला लागते. पुढे फूटपाथचा कठडा, उजवीकडे बसचा पत्रा आणि मागून ते चाक.

ट्रकवाले या बाजूला क्लीनर साइड म्हणतात, कारण तिकडे बघायला पूर्वी क्लीनर असायचा. उजव्या सीटवर उंच बसलेल्या चालकाला डाव्या दाराखालचा बराचसा भाग दिसतच नाही. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत दारावर थापा मारायचा आणि चालक त्या आवाजावर गाडी वळवायचा. आता पगार वाचवायला बऱ्याच डंपरवरून आणि मिक्सरवरून क्लीनर गेला. आरसा आहे, पण आरशाला ओरडता येत नाही. लंडनमध्ये वळणाऱ्या ट्रकखाली सायकलस्वार जाऊ लागले, तेव्हा तिथल्या प्रशासनाने ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसतं याचे दर्जे ठरवले आणि 2021 पासून त्या दर्जात न बसणारे मोठे ट्रक जादा सुरक्षा साधनांशिवाय शहरात येऊ देणं बंद केलं. आपण काय केलं? डावी लेन मोकळी सोडा, असं म्हणून दुचाकीला त्या जागेत शिरायची सवय लावली. चौकात बस किंवा डंपर डावीकडचा दिवा लावून उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे जायचं नाही, हे शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत सगळ्यात आधी विचारलं पाहिजे.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशभरात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यात 32,825 पादचारी होते आणि 74,897 दुचाकीवरचे. हे सगळे डाव्या वळणावर गेले असं म्हणण्याचा आचरटपणा मी करणार नाही. महामार्ग, वेग, दारू, हेल्मेट, कारणं भरपूर आहेत. पण चौकाचे नियम ठरवताना कुणाचा विचार आधी करायचा, ते या आकड्यांवरून कळावं. पायी आणि दुचाकीवरची माणसं मिळून निम्म्याहून जास्त होतात, आणि फ्री लेफ्ट या दोघांच्याच मुळावर येतं.

‘उजवं वळण जास्त धोक्याचं, त्याबद्दल बोला’ असं कुणी म्हणेल. कबूल. समोरचा प्रवाह छेदावा लागतो, म्हणून तर त्याला वेगळा बाण देतात. रस्त्याच्या मधोमध येऊन, चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन, नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला लागायचं, हा नियम. आपण तिरपा कट मारून समोर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर जातो. त्याचा कुणी सिद्धान्त केलेला नाही, उजवीकडे सगळ्यांना मोकळं सोडा अशी मागणी कुठल्या बैठकीत होत नाही. म्हणून इथे त्यावर एवढंच.

शेवटचा आक्षेप ठेवणीतला असतो: पादचारी तरी कुठे नियम पाळतात? हातात मोबाइल, मधूनच पळत सुटतात, दिवा बघत नाहीत. हेही खरं आहे. पण दिवा बघून तरी काय करायचं? त्याचा हिरवा माणूस लागला की डाव्या लेनमधून गाड्या येतात, लाल माणूस लागला की सरळच्या. कुठल्याच वेळी वाट मिळणार नसेल तर माणूस दिव्याकडे बघायचं सोडतो आणि गाड्यांतली फट बघायला शिकतो. गाडीवाल्यांनी आपली पाळी पाळली असती आणि तरीही तो मध्ये आला असता, तर त्याला बोल लावायचा अधिकार होता.

फ्री लेफ्ट कुठेच नको, असं माझं म्हणणं नाही. बाहेरच्या रुंद रस्त्यांवर, जिथे वेगळी लेन आहे, मध्ये माणसाला थांबायला पुरेसं तिकोनी बेट आहे, गोलाई आवळलेली आहे आणि त्या लेनवर फूटपाथच्या उंचीचा, चाकाला खडखडाट करायला लावणारा झेब्रा आहे, तिथे जरूर ठेवा. शाळा, दवाखाना, मंडई, एसटी स्टँड आणि मेट्रोच्या जिन्याजवळच्या चौकांत ठेवू नका. ज्या चौकात वेगळी लेनच नाही तिथे तर नकोच. आणि प्रत्येक चौकाचा निर्णय खांबावर लिहा: इथे बाण लागल्यावरच डावीकडे. म्हणजे स्टॉप लाइनमागे थांबलेल्याला मागच्या हॉर्नला दाखवायला काहीतरी राहील, आणि ट्रॅफिकच्या मामांनाही पावती फाडताना हुज्जत घालावी लागणार नाही.

हे चौकाचौकाने ठरवायचं तर आधी मोजणी हवी, आणि घोडं तिथेच अडलेलं आहे. आपल्याकडे चौकाची क्षमता मोजताना प्रत्येक वाहनाला मोटारीच्या मापात एक आकडा देतात. बसला मोठा, दुचाकीला लहान. भारतीय रस्ते काँग्रेसच्या तक्त्यात सायकलला आकडा आहे, टांग्याला आहे, हातगाडीलाही आहे. पायी माणसाला नाही. कोपरा कापायची निविदा काढण्याआधी पालिकेने सकाळच्या गर्दीत त्या कोपऱ्यावरून किती माणसं चालत जातात ते मोजावं आणि तो आकडा गाड्यांच्या आकड्याशेजारी त्याच प्रस्तावात छापावा.